बारदान वजा

मार्केट यार्डात दिवसभर मी पट्ट्या लिहिते.
एकूण, बारदान वजा, निव्वळ.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं, आकडा थरथरतो, थांबतो,
आणि रिकाम्या पोत्याचं वजन मी त्यातून काढते.
किलोभर. फार नाही.
पण काढायचं असतं.

गावभागातल्या त्या हॉलमध्ये
अकरा वर्षांनी पाय ठेवला
तेव्हा मगदूम सर एवढंच म्हणाले, "चपला बाहेर,"
जणू मी कालच घरी गेले होते.
भिंतीवर निळी रेघ, माझ्या खांद्याच्या वर.
"पाणी इथवर."
तारीख कुणी लिहिलेली नाही. कशाला लिहील?

माझा सूट त्याच पाण्यातला.
गाळ उपसल्यावर ट्रंकेत सापडला,
पापडासारखा कडक, शिवणीशिवणीत कृष्णेची माती.
तो चढवायला दोघी लागायच्या.
एका बाजूला शैनाज, दुसऱ्या बाजूला सापडेल ती,
हादरवून हादरवून मला आत बसवायच्या,
पोत्यात माल बसवतात तसं.
मग गुडघ्यांना पट्ट्या.
शैनाज दात-ओठ खाऊन आवळायची
आणि मायेनं म्हणायची, "मर आता."
वळ दोन दिवस उतरायचे नाहीत.

एकशे सत्तर.
खाली जाताना सूट अडवायचा, वर येताना ढकलायचा.
त्याला मी खोटं म्हणणार नाही.
आवळून घेणंही शिकावं लागतं.

शैनाज आता इचलकरंजीत. खांद्याचं ऑपरेशन झालंय.
फोनवर म्हणाली, "नुसत्या अंगानं उचलणार? येडी का गं?"
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "कळव मला."

हळकुंड वाळलं का, हे मोडून बघतात,
आवाजावरून कळतं.
माझे गुडघे पूर्ण वाळलेत.
पहिल्या दिवशी नुसता बार, वीस किलो,
आणि हॉलमधल्या पोरींनी वळून पाहिलं,
काय मोडलं म्हणून.

हे सगळं यल्लाप्पाला सांगितलं नव्हतं,
पण हमालाला चाल कळते.
"अक्का, पाठ धरू नका," तो म्हणाला,
"आधी पोटात वारा भरायचा,
मग त्या वाऱ्यावर उभं राहायचं."
तीस वर्षं तो साठ-साठ किलो वाहतोय,
अंगावर बंडी आणि टॉवेल.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ऐंशी लावले.
खांद्यावर लोखंड गार.
खाली गेले.
निळी रेघ डोळ्यांसमोरून वर सरकली,
डोक्यावरून गेली,
आणखी खाली.
तिथं कुणी नव्हतं.
कापड नाही, पट्टी नाही, शैनाजच्या शिव्या नाहीत.
एक मांडी थरथरत होती, डावी.
पोटात यल्लाप्पाचा वारा.
किती वेळ होते तिथं, माहीत नाही,
मगदूम सर म्हणतात, नेहमीइतकाच.
मग रेघ पुन्हा खाली आली.

तासगावची तेजल फळ्यावर लिहीत होती.
"ताई, आधी तुमचं किती होतं?"
"एकशे सत्तर."
"आणि सूटचं काढून?"
मी तोंड उघडलं.
वीस वर्षं लोकांचा माल तोलतेय,
एकेका ग्रॅमसाठी अडत्यांशी भांडलेय,
आणि हा आकडा माझ्याकडे नव्हता.
तेव्हा कुणी तोललंच नव्हतं तसं.
मीही नाही.
"ऐंशी लिही," म्हटलं.

घरी जाताना भडंग घेतलं.
पुडी घेताना हात पाहिले,
बोटांवर खडू, नखांत हळद,
दोन्ही धुतल्यानं जात नाहीत लवकर.

सकाळी पेढीच्या तीन पायऱ्या
कठडा धरून, उलटी उतरले.
यल्लाप्पानं बघितलं.
हसला नाही, स्टूल तेवढं पायानं माझ्याकडे सरकवलं
आणि पोतं काट्यावर टाकलं.
"बोला अक्का."
एकसष्ट दोनशे, मी म्हणाले.
बारदान वजा.